नाण्यावरचा पक्षी आपल्या शिवारात दिसतो का?

तापीकाठचा वाहक
रविवार, रात्री ९:१०

मंडळी, नमस्कार. एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो, आता निवृत्त होऊन भुसावळला असतो. हाताखालून किती चिल्लर गेली असेल याचा हिशेब नाही. चार आणे, आठ आणे, रुपया, अंधारातसुद्धा बोटांना कळायचे.

१९८८ च्या हिवाळ्यातली गोष्ट. तेव्हाच्या एदलाबादहून (आताचं मुक्ताईनगर) शेवटची गाडी घेऊन आलो होतो. आगारात रोकड भरताना चार आण्यांच्या ढिगात एक नाणं बोटांना वेगळं लागलं. आकाराने लहान. दिव्याखाली धरलं तर सिंगापूरचे ५ सेंट, आणि त्यावर लांब, वळलेल्या मानेचा एक पक्षी. गर्दीत कुणीतरी चार आणे म्हणून हातात ठेवलं असणार. मी खिशातले चार आणे भरले आणि ते नाणं ठेवून घेतलं.

चालक हतनूरच्या बाजूचा होता. त्याने नाणं पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "हा तर आमच्या धरणावरचा. अंग पाण्यात बुडवून नुसती मान वर काढतो, लांबून सापच वाटतो." पुढच्या सुट्टीला त्याच्याबरोबर गेलो. पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडावर पंख पसरून तो उन्हात बसला होता. सिंगापूरच्या टांकसाळीने जो पक्षी निवडला तो तापीच्या पाण्यावर, माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर! त्याचं मराठी नाव तिरंदाज आहे हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

तेव्हापासून मी पक्ष्यांची नाणी जमवतो, पण एका नियमाने. नाण्यावरचा पक्षी किंवा त्याचा जवळचा भाऊबंद खानदेशात दिसत असेल तरच ते नाणं घ्यायचं. प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या चौकटीत असतं. चौकटीच्या पुढे देश आणि साल, मागे मी तो पक्षी कुठे आणि कोणत्या तारखेला पाहिला ते. मागची बाजू कोरी असली तर ते नाणं मी अर्धंच मानतो.

आतापर्यंतची थोडी मांडतो.

कॅनडाचा १९६७ चा १ सेंट. देशाच्या शंभरीनिमित्त त्या वर्षी सगळ्या चलनी नाण्यांवर प्राणी-पक्षी घेतले होते, चित्रकार अ‍ॅलेक्स कोलव्हिल. सेंटवर पंख उघडून उडणारा पारवा आहे. पारवा कुठे पाहिला हे लिहायला मला लांब जावं लागलं नाही, भुसावळ स्टेशनच्या छपराखाली शेकड्याने आहेत. पण त्या नाण्यावर तो ज्या तोऱ्यात उडतो तसा मी त्याला आधी कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी फलाटावर अर्धा तास उभा राहून पारवे पाहिले.

दक्षिण आफ्रिकेचा १ सेंट, दोन चिमण्या. त्याआधी तिथल्या फार्दिंगवर, म्हणजे पाव पेनीवर, १९२३ पासून चिमण्याच होत्या. दोन चिमण्या एका दमडीला मिळतात असं बायबलमध्ये वचन आहे, आणि इंग्रजी बायबलात त्या दमडीला फार्दिंगच म्हटलंय. सगळ्यात हलक्या नाण्यावर सगळ्यात साधा पक्षी. २००२ मध्ये तो सेंट पाडणं बंद झालं. त्यांची चिमणी आपल्या घरचिमणीची चुलत बहीण.

इंडोनेशियाचे ५० रुपिया, १९९९, अ‍ॅल्युमिनियमचे. त्यावर हळद्या. आपल्या आंब्यावर शीळ घालतो त्याच्या अगदी जवळच्या जातीचा.

स्लोव्हेनियाचा युरो १ सेंट, पांढरा करकोचा. हा तर स्वतःच युरोपातून आणि मध्य आशियातून हिवाळ्यात भारतात येतो.

झांबियाचे १० न्ग्वी, १९६८. त्यावर धनेश. आपल्याकडे राखी धनेश आहे. माझी नोंद पाल गावची आहे, तिथे वडाच्या फळांवर जोडी आली होती.

आणि ज्याची मागची बाजू अजून अर्धी कोरी आहे तो ग्रीसचा १ युरो. त्यावर घुबड आहे. त्याबद्दल इथल्या जाणकारांकडून ऐकायचंय. तुमच्याकडे असं काही आहे का? नाणं नसलं तरी चालेल, पक्षी सांगा, नाणं मी शोधतो.

रानवेडी
रविवार, रात्री १०:४५

आप्पा, धागा वाचून झोप उडाली. ग्रीसच्या युरोचं मी सांगते, कारण ती गोष्ट आमच्या नंदुरबारकडे येऊन थांबते.

त्या युरोवर नाण्याच्या आत नाणं आहे. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात चार द्राख्माचं चांदीचं नाणं पाडत. एका बाजूला अथीना देवी, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड, शेजारी ऑलिव्हची डहाळी. तेच घुबड २००२ मध्ये युरोवर घेतलं. हे घुबड म्हणजे युरोपातला लहान पिंगळा. शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला नावही देवीचंच दिलं, अथीन.

आपल्या निंबाच्या ढोलीत बसून दिवसा टकमक बघणारा ठिपकेवाला पिंगळा त्याच कुळातला. त्यामुळे तुमच्या चौकटीवर निम्मी नोंद झालीच असेल. उरलेली निम्मी रानपिंगळ्याची ना?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रानपिंगळ्याची शास्त्रात पहिली नोंद पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये केली. पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंद नाही. मधे मेनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी माणसाने १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळाल्याचा दावा केला होता, आणि शोधणारे त्या पत्त्यावर जाऊन हात हलवत परत येत. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा कळलं की मेनर्ट्झहागेनचा नमुना चोरलेला होता आणि त्यावरची चिठ्ठी खोटी होती. मग त्यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघे शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले, आणि तो भर दिवसा उघड्या फांदीवर बसलेला त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी! तेव्हा नंदुरबार जिल्हाही झाला नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यात होतं.

आधी त्याला हेटेरोग्लॉक्स असं वेगळं कुळ दिलं होतं. आता त्यालाही अथीनमध्येच घेतलंय. म्हणजे तोरणमाळच्या सागावर बसणारं आपलं पाखरू अथेन्सच्या देवीचं नाव लावतं. मला तर अजून हे वाचताना काटा येतो.

तापीकाठचा वाहक
सोमवार, सकाळी ६:२०

ताई, तुम्ही माझी रात्रपाळी सार्थकी लावलीत. होय, ठिपकेवाल्या पिंगळ्याची नोंद आहे, आमच्या वसाहतीतल्याच निंबावरची. रानपिंगळा नाही पाहिला. शहादा फेरी मी चार वर्षं केली, रस्त्याला तोच सातपुडा, पण तेव्हा मान तिकिटांच्या पेटीत होती.

एक मनातलं सांगतो. आमच्या घरी घुबड ओरडलं की आई "राम राम" म्हणून दार लावायची. पहाटे कंदील घेऊन येणाऱ्या पिंगळा जोशाला मात्र सुपाने दाणे घालायची, कारण तो शकुन सांगतो. तिला मी हा युरो दाखवला होता. तिने पदराने पुसून देव्हाऱ्यात ठेवला, लक्ष्मीचं वाहन म्हणून. तिच्या पश्चात मी तो परत चौकटीत ठेवला.

परदेशी पाखरू
सोमवार, सकाळी ११:००

मी मूळचा अमळनेरचा, ऑकलंडला असतो. आप्पा, तुमच्या नियमात बसणारं नाणं माझ्या खिशात रोज असतं आणि मला आजच कळलं!

न्यूझीलंडच्या २ डॉलरवर कोटुकू आहे. हे नाणं १९९१ मध्ये कागदी नोटेच्या जागी आलं. कोटुकू म्हणजे आपला मोठा बगळा. तिकडे बोरी नदीच्या डोहात आणि गव्हाच्या भिजवणीत उभा असतो तोच. इथे मात्र तो फार दुर्मिळ. सगळ्या देशात त्याची वीण एकाच जागी होते, दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओकारिटोजवळ. माओरी लोकांत एखाद्या क्वचित येणाऱ्या मोठ्या पाहुण्याला "एकदाच उडून येणारा कोटुकू" म्हणतात. आयुष्यात एकदा दिसला तरी नशीब अशा अर्थाने. ऑफिसात मी म्हटलं की आमच्याकडे शेतात नांगरामागे बगळ्यांची रांग असते, तर माझ्या माओरी सहकाऱ्याने मला दोनदा विचारलं, "रांग?" आता तुम्ही म्हणाल नांगरामागचा तो गायबगळा. खरं आहे, मी त्याला नंतर नीट समजावलं. पण मोठे बगळेसुद्धा एका तळ्यावर दहा-दहा मोजलेत मी लहानपणी.

दुसरं एक नाणं आहे ज्याचा पक्षी खानदेशातच काय, कुठेच दिसणार नाही. जुनं ६ पेनी, १९३३ ते १९६५. त्यावर हुइया. यात नराची चोच आखूड आणि सरळ, मादीची लांब आणि वाकलेली. शेपटीची पिसं काळी, टोकाला पांढरी, आणि माओरी सरदारांचा तो मान. १९०१ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र इथे आला तेव्हा त्याच्या टोपीत हुइयाचं पीस खोवलं गेलं आणि मग ज्याला त्याला ते पीस हवं झालं. खात्रीने दिसल्याची शेवटची नोंद १९०७ ची. म्हणजे नाणं पाडलं तेव्हा पक्षी जाऊन पाव शतक झालं होतं. बत्तीस वर्षं लोक त्या पक्ष्याने दूध-पाव विकत घेत राहिले. असं नाणं तुम्ही घ्याल का आप्पा?

तापीकाठचा वाहक
सोमवार, दुपारी १:१५

घेईन. नियम मोडून घेईन. मागची बाजू कोरीच राहील आणि ती तशीच राहायला हवी. मॉरिशसच्या रुपयावर राजचिन्हात डोडो आहे, तो मी आजवर नियमात बसत नाही म्हणून बाजूला ठेवला होता. आता दोघांना एका पानावर ठेवतो.

पारोळेकर
सोमवार, संध्याकाळी ७:३०

आप्पा, राम राम! बठ्ठा धागा वाची काढा, भलता भारी शे. माझ्याकडे परदेशी काही नाही. पण आपल्या देशाच्या जुन्या नाण्यांवर पक्षी होते का? आमच्या मामांच्या शेतात वखरताना तांब्याचे गोल तुकडे निघालेत, एकावर मोरासारखं काही वाटतं. विकायचे नाहीत, पण कुणाला दाखवावे कळत नाही.

मोडीवाचक
सोमवार, रात्री ९:५०

होते, आणि फार सुंदर होते. गुप्त राजा पहिला कुमारगुप्त याचं सोन्याचं मयूर पद्धतीचं नाणं पाहा. पुढच्या बाजूला राजा उभा राहून मोराला खाऊ घालतोय, मागे मोरावर बसलेला कार्तिकेय. राजाचं नाव कुमार, देवाचंही नाव कुमार, आणि दोघांना जोडणारा मोर. पाचव्या शतकातल्या त्या कारागिराने एवढ्याशा चकतीवर मोराची मान अशी वळवलीय की तो खरंच दाणा टिपतोय असं वाटतं. त्याच्या चांदीच्या नाण्यांवरही पिसारा फुलवलेला मोर आहे. समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर गरुडध्वज आहे. शेजारच्या ब्रह्मदेशात मिंडोन राजाच्या चांदीच्या क्यातवर पिसारा फुलवलेला मोर आहे, त्यावर साल १८५२ शी जुळणारं.

आता पारोळेकर, तुमच्या मामांचं. ते तुकडे घासू नका, धुऊ नका, आणि कुणाला विकू तर मुळीच नका. जमिनीत सापडलेल्या जुन्या ठेव्यासाठी १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कुठे, किती खोलीवर सापडलं ते तारखेसह लिहून ठेवा, फोटो काढा आणि तहसील कार्यालयात अर्ज द्या. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावशेषात मोडतात, ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. लोक घाबरून ठेवा वितळवतात आणि इतिहास भट्टीत जातो, म्हणून इतकं लांबण लावलं.

नवशिकी आई
मंगळवार, सकाळी १०:०५

जळगावहून. मुलगा तिसरीत आहे, हा धागा मी त्याला वाचून दाखवला तर त्याने आजोबांच्या डब्यातून परदेशी नाणी काढून पाण्यात भिजत घातली! सुरुवात कशी करावी? अल्बम कोणता घ्यावा?

तापीकाठचा वाहक
मंगळवार, दुपारी ३:४०

ताई, आधी नाणी पाण्यातून काढून मऊ सुती कापडावर नुसती टेकवून सुकवा. पुसू नका.

नाणं स्वच्छ करायचं नाही, हा पहिला धडा मी फार महाग शिकलो. आयर्लंडची जुनी पेनी माझ्याकडे होती. १९२८ मध्ये नव्या आयरिश राज्याने स्वतःची नाणी काढली तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष कवी येट्स होते आणि चित्रं केली पर्सी मेटकाफने. राजाचं डोकं नको, आपल्या शेतावरचे प्राणी हवेत असं ठरलं. पेनीवर कोंबडी आणि तिच्याभोवती पिलं, फार्दिंगवर लांब चोचीचा वुडकॉक. माझ्या पेनीवर सुंदर गडद चॉकलेटी रंग चढला होता. दिवाळीत तांब्याची भांडी चिंच-मिठाने घासली गेली, त्यात घरच्यांनी प्रेमाने तीही घासली. पंचधातूच्या नव्या वाटीसारखी चकचकीत झाली आणि पिलांच्या पिसांची रेघन् रेघ गेली. साठ-सत्तर वर्षांनी चढलेला रंग दोन मिनिटांत उतरला. तो परत येत नाही.

दुसरं, मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या खिशांचे अल्बम घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिसाला टेकला की त्या प्लास्टिकमधून चिकट हिरवा थर सुटतो आणि नाण्याला खातो. माझी बारा नाणी अशी गेली. पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी घ्या, त्यांच्या खिडकीला कडक पारदर्शक पापुद्रा असतो. स्टेपलरच्या पिना चपट्या करून दाबा म्हणजे शेजारच्या नाण्याला ओरखडा जाणार नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या नाण्यांना हे फार लवकर होतं. डबा कपाटाच्या खालच्या खणात ठेवा, पश्चिमेच्या भिंतीला लागून नको. पावसाळ्यात औषधांच्या बाटलीतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाका.

नाणं नेहमी कडेने धरायचं, अंगठा चेहऱ्यावर ठेवायचा नाही. मुलाला एवढं एक शिकवा, बाकी तो आपोआप शिकेल. आणि त्याला पहिलं नाणं पारव्याचं द्या, म्हणजे खिडकीतून लगेच पक्षीही दाखवता येईल.

सराफकट्टा
मंगळवार, रात्री ८:१५

मी जळगावच्या सराफ बाजारात बसतो. ग्रीक घुबडाची चर्चा वाचून एक सावधगिरी सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक तरुण तेच अथेन्सचं चांदीचं नाणं घेऊन आला, जत्रेत कुणीतरी "पुरातन" म्हणून गळ्यात मारलं होतं. काट्यावर टाकलं तर साडेचौदा ग्रॅम. अस्सल नाणं सव्वासतरा ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि अथेन्सवाले वजनाला फार पक्के होते, त्याच्यावरच तर त्या नाण्याची पत होती. कडेला बारीक रेघ होती, म्हणजे साच्यात ओतलेलं. खरं नाणं हातोड्याने ठोकून पाडलेलं असतं, त्याला अशी सांध्याची रेघ येत नाही. पोरगा रडवेला झाला. त्याला म्हटलं, घुबडच हवं ना, मग ग्रीसचा युरो घे. चित्र तेच आणि शंभर टक्के अस्सल.

धुळ्याचा संग्राहक
बुधवार, सकाळी ९:३०

आप्पांचा नियम छान आहे, पण मला वाटतं तो नियम तुम्हाला फार मोठ्या खजिन्यापासून दूर ठेवतो. ब्रिटिश व्हर्जिन बेटांचा १९७३ चा संच पाहा. सहा किमती आणि सहाही नाण्यांवर पक्षी: १ सेंटवर गुंजनपक्षी, ५ वर होले, १० वर खंड्या, २५ वर कोकीळकुळातला पक्षी, ५० वर तपकिरी पाणकोळी, डॉलरवर फ्रिगेट पक्षी. थांबलेल्या पाण्यासारखी आरशाची चकाकी आहे त्या नाण्यांना. पिसांचं काम भिंगाखाली पाहिलं की तासभर जातो. मी हा संच नऊ वर्षं शोधत होतो.

शिवाय इंग्लंडचा रेन पक्ष्याचा फार्दिंग. १९३७ ते १९५६ पर्यंत पाडला, १९६० अखेर चलनातून गेला. त्यांच्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक त्यांच्या सगळ्यात कमी किमतीच्या नाण्यावर. रेन खानदेशात नाही, म्हणून का तो सोडायचा?

तापीकाठचा वाहक
बुधवार, दुपारी १२:५०

तुमच्या संचाबद्दल आदर आहे. नऊ वर्षं शोधणं म्हणजे काय ते मला कळतं. पण तुमचं-माझं इथे जुळणार नाही. तो संच संग्राहकांसाठीच बनवला होता, त्या बेटांवर बाजारात अमेरिकन डॉलर चालतो. माझ्यासाठी नाणं म्हणजे जे हातातून हातात गेलं ते. घासून घासून चिमणीचं डोकं गुळगुळीत झालेलं आफ्रिकेचं नाणं हातात घेतलं की कुणीतरी त्याने काडेपेटी घेतली असेल, कुणीतरी पोराला खाऊला दिलं असेल असं वाटतं. वाहकाच्या बोटांना आरसा परका वाटतो.

फार्दिंगवर मात्र हरलो. तो चलनी होता, आणि गोष्ट इतकी सुंदर आहे की मी तो शोधायला लागतोय.

धुळ्याचा संग्राहक
बुधवार, दुपारी २:०५

माझ्याकडे फार्दिंग दोन आहेत. एक तुमचा. पण आरशाबद्दल मी मागे हटणार नाही, ज्याने तो साचा कोरला त्याने पक्षी पाहिल्याशिवाय कोरला नसेल.

केळीबाग
बुधवार, रात्री ९:२०

रावेरहून. आमच्या गावचा एक जण बोट्स्वानाला खाणीवर होता, त्याने आणलेली नाणी घरात आहेत. धागा वाचून आज काढली. १९७६ चा १ थेबे, त्यावर तुराको नावाचा तुरेवाला पक्षी. ५ थेबेवर धनेश! ५० थेबेवर मत्स्यगरुड. थेबे म्हणजे ढाल असं त्याने सांगितलं होतं. आणि शंभर थेबेंचा एक पुला. पुला म्हणजे पाऊस. तिकडे बहुतेक देश कलहारीचा कोरडा भाग, म्हणून पैशालाच पाऊस म्हणतात, आणि सभेत घोषणाही "पुला!" अशी देतात.

यंदा जूनमध्ये आमच्या बागांना वादळाने झोपवलं आणि नंतर तीन आठवडे पाण्याचा टिपूस नाही. त्या दिवसांत कुणी मला विचारलं असतं की पैसा म्हणजे काय, तर मीही हेच उत्तर दिलं असतं. आप्पा, ५ थेबेचं नाणं तुम्हाला देतो, तुमच्या धनेशाशेजारी ठेवा. १ थेबे माझ्याकडे राहू द्या.

नवशिकी आई
गुरुवार, सकाळी ७:४५

एक प्रश्न मुलाकडून: कोंबडी पक्षी आहे ना, मग आजोबांनी आयर्लंडची पेनी यादीत का नाही सांगितली, घासली गेली म्हणून?

तापीकाठचा वाहक
गुरुवार, सकाळी ८:३०

बाळा, तू बरोबर पकडलंस. ती पेनी मी लाजेने आतल्या पाकिटात ठेवली होती. कोंबडी पक्षीच आहे, आणि जगातल्या सगळ्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज, लाल रानकोंबडा, आपल्या भारतातल्या आणि त्याच्या पूर्वेकडच्या जंगलातला. आज तिला चौकट केली. मागे लिहिलं: कोंबडी, सात पिलं, आमच्या गल्लीत.

सातपुड्याचा वाटसरू
गुरुवार, रात्री १०:१०

रानवेडी ताई, रानपिंगळ्याची नेमकी जागा कोणती? मोबाईलवर आवाज वाजवला की येतो म्हणे. पुढच्या आठवड्यात चार-पाच मित्र कॅमेरे घेऊन जाणार आहोत.

रानवेडी
गुरुवार, रात्री १०:५५

जागा मी इथे लिहिणार नाही, राग मानू नका. तो जगात संकटग्रस्त यादीत आहे, आणि एका जोडीच्या झाडाखाली रोज पाच कॅमेरे उभे राहिले तर ती झाड सोडते. आवाज तर मुळीच वाजवू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो शिकार सोडून भांडायला येतो, पिलांना भूक लागलेली असते. वनखात्याची परवानगी काढा, स्थानिक पावरा किंवा भिल्ल वाटाड्या सोबत घ्या, त्याला त्याची मजुरी द्या, आणि तो थांबा म्हणाला की थांबा. ओळखायचं असेल तर डोकं पाहा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं. अंगाने भरदार, पाय पिसांनी झाकलेले, आणि भर दिवसा शिकार करतो.

आप्पा, तुम्हाला मात्र मी नेणार. होळी झाली की साग निष्पर्ण होतो, तेव्हा फांद्या मोकळ्या दिसतात. होळीच्या आठवड्यात नको, तेव्हा सातपुड्यात सगळे पाडे जागे असतात, ढोल रात्रभर चालतो. ती धूळ बसल्यावर जाऊ. कॅमेरा नको, दुर्बीण माझ्याकडे आहे.

सातपुड्याचा वाटसरू
गुरुवार, रात्री ११:२०

आवाजाचं मला माहीत नव्हतं ताई. मित्रांना सांगतो. आम्ही परवानगी आणि वाटाड्याची व्यवस्था करूनच निघू.

परदेशी पाखरू
शुक्रवार, पहाटे ५:००

आप्पा, माझी आई पुढच्या महिन्यात इथून अमळनेरला परततेय. तिच्याबरोबर २ डॉलर आणि हुइयाचं ६ पेनी पाठवतोय, पाकिटात टाकून टपालाने पाठवायचा धीर झाला नाही. ६ पेनी इथल्या शनिवारच्या बाजारात एका आजोबांकडे मिळालं, १९४६ चं, निम्मी चांदी असलेल्या शेवटच्या वर्षाचं. खानदेशात एक माणूस नाण्यामागे पक्ष्याची तारीख लिहितो हे ऐकल्यावर त्यांनी पैसे घेतले नाहीत.

तापीकाठचा वाहक
शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

अमळनेरला मी स्वतः येईन, आईंना स्टेशनवर यायचा त्रास देऊ नका. त्या आजोबांना माझा नमस्कार कळवा.

आज सकाळी हतनूरला जाऊन आलो, २ डॉलरची चौकट आधीच तयार केली. मागे लिहिलंय: मोठा बगळा, हतनूर, उथळ पाण्यात, सतरा. तुमच्या सहकाऱ्याला आकडा सांगा. एक अगदी काठाशी होता, बराच वेळ हलला नाही, मग मान एकदम पुढे गेली आणि मासा आडवा चोचीत आला. त्याने तो उलटा करून डोक्याकडून गिळला.

ताई, होळीनंतरचा दिवस तुम्ही ठरवा. शहाद्यापर्यंत मी पहाटेच्या गाडीने येतो. युरो बरोबर आणतो, आणि चौकटीवर लिहायला पेन. जागेच्या ठिकाणी फक्त "सातपुडा" लिहीन.